एकनाथचा बायोडाटा

९ एप्रिल, चिखली

वधू-वर मेळाव्याचे फॉर्म आज आले. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले, काहींवर चहाचे डाग. परिचय-पुस्तिका छापायला जाण्याआधी सगळ्यांचं शुद्धलेखन बघून द्यायचं, हे निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडलेलं काम. ‘तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलं, तेवढं ऱ्हस्व-दीर्घ बघा मॅडम,’ म्हणून समितीवाले मोकळे होतात. ऱ्हस्व-दीर्घाचं काही वाटत नाही. पेन अडतं ते ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी.

मुलींच्या फॉर्मवर तिथं सरळ उत्तर असतं. नर्सिंग झालं, पुण्यात कंपनीत आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू. मुलांचा तोच रकाना खोडलेला, गिरवलेला, व्हाइटनर लावून पुन्हा भरलेला. नुसतं ‘शेती’ एकानेही लिहिलेलं नाही. ‘शेती व व्यवसाय’, ‘शेती + खाजगी नोकरी’, ‘प्रगतिशील शेती’. देऊळगाव राजाकडच्या पोरांनी ‘सीड प्लॉट’ लिहिलंय, ते निदान खरं तरी आहे. तिकडे शेडनेट टाकून बियाण्याचं काम चालतं. एक जण ‘उद्योजक’ आहे. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, मीच तिथं आधारकार्डाची झेरॉक्स काढली होती. फोटोत पांढरा शर्ट, गॉगल आणि मागे कुणाची तरी स्कॉर्पिओ. पत्त्यात गाव बारीक अक्षरात, ‘ह. मु. पुणे’ ठळक.

मुलींच्या बाजूचा ‘अपेक्षा’ रकानाही वाचण्यासारखा आहे. मुलगा नोकरीवाला हवा, पण शेती असावी. म्हणजे सातबारा हवा, चिखलाचे पाय नकोत. यात हसण्यासारखं फार नाही. आईचे पाय बघितलेल्या मुली आहेत त्या.

वाचनालयाने २३ तारखेला पुस्तक दिनानिमित्त ‘बारोमास’ कादंबरीवर बोलायला बोलावलंय. काय बोलायचं ते माझ्यावर सोडलंय.

१२ एप्रिल

‘बारोमास’ पुन्हा काढली. २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक सदानंद देशमुख अमडापूरचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, खामगावच्या रस्त्याला. त्यामुळे इथं तिच्याबद्दल बोलणं अवघड होतं. प्रत्येकाला वाटतं, आपल्या घरची गोष्ट आहे, आपल्यालाच जास्त कळते.

शेतकऱ्याच्या दैन्याची कादंबरी, असा तिच्यावर शिक्का बसलाय. नापिकी, कर्ज, भाव, सगळं तिच्यात आहेच. पण या खेपेला मी फक्त एकनाथच्या मागे मागे चालले. एम. ए., बी. एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. मास्तरकीची जागा आहे, पण तिला देणगी मोजावी लागते आणि घरात तेवढा पैसा नाही. शहरात वाढलेली अलका त्याला दिली गेली ती शिकलेला आहे, नोकरी लागेल, या भरवशावर. नोकरी लागत नाही. अलका मातीच्या घरात, चुलीपुढे येऊन पडते. नवऱ्याचं शिक्षण तिच्या डोळ्यांसमोर रोज थोडं थोडं निरुपयोगी ठरत जातं, आणि ते तसं ठरताना ती बघतेय हे एकनाथला कळत असतं.

मला हेच खुपलं. बाप सुभानराव पिचलेला आहे, पण तो कोण आहे हे त्याला कुणाला सांगावं लागत नाही. शेतकरी म्हणून जन्मला, शेतकरी म्हणून बुडतोय. एकनाथला मात्र ‘काय करता?’ या साध्या प्रश्नाला उत्तर नाही. शेती करतो म्हणावं तर एम. ए. कशाला केलं? शिकलेला आहे म्हणावं तर मग नोकरी कुठे आहे? शेतात तो शिकलेला, शहरात तो खेड्यातला, आणि घरात, बायकोसमोर, दोन्ही.

पु. लं.चा सखाराम गटणे आठवला. तोही आपल्या बुजरेपणावर छापील मराठीचा अंगरखा चढवून वावरतो. पण गटणेकडे कुणी एकरांचा हिशेब मागत नाही, म्हणून त्याच्यावर प्रेमाने हसता येतं. एकनाथचं बोलणं जरा पुस्तकी झालं की मला हसू येत नाही. एम. ए.च्या दोन वर्षांतून त्याच्या हाती जे काही आलं ते तेवढंच आहे.

१५ एप्रिल

ऊन भयंकर. दुपारी बाहेर पडायची सोय नाही. घाटावर थंड असतं म्हणणाऱ्या खामगावकरांनी एप्रिलमध्ये एकदा येऊन बघावं.

कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या जुन्या मैत्रिणीकडून अर्व्हिंग गॉफमनचं पुस्तक आणलं. माणूस रोजच्या जगण्यात स्वतःला कसा ‘सादर’ करतो यावर. १९५६ साली निघालं. नाटकाची भाषा आहे सगळी: रंगमंच, पडद्यामागची जागा, प्रेक्षक. मला वाटलं होतं न्यूयॉर्कच्या पार्ट्यांमधली निरीक्षणं असतील. निघालं भलतंच. हा माणूस स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर, लहान शेतकऱ्यांच्या वस्तीत राहिला होता. तिथल्या हॉटेलात काम करणारी गावचीच माणसं स्वयंपाकघरात गावच्या रीतीने खातपीत, बोलत, आणि दार ढकलून जेवणाच्या दालनात शिरली की पाहुण्यांना शोभेल अशी वागत. मधलं दार महत्त्वाचं.

आणखी एक बारीकशी गोष्ट त्यात आहे, ती मी दोनदा वाचली. तिथले जुने शेतकरी घराचा दर्शनी भाग मुद्दाम नीटनेटका करत नसत. का, तर जमीनदाराला वाटेल की हा सुधारला, वाढवा खंड.

आमच्याकडे तेच घर दोन्ही सोंगं करतं. पंचनाम्याला तलाठी येणार असला की घर होईल तितकं भकास दिसावं. मुलीकडचे येणार म्हटलं की त्याच भिंतीला रंग, चुलतभावाचा ट्रॅक्टर दारात, आणि म्हातारी मागच्या खोलीत, कारण ती काहीतरी बोलून जाते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये होता. बाजारात तेवढा मिळाला नाही, हे बँकेत तावातावाने सांगायचं असतं आणि पाहुण्यांपुढे गिळायचं असतं. इथे खोटारडेपणा शोधण्यात अर्थ नाही. कर्ज देणारा आणि मुलगी देणारा एकाच माणसाकडून उलटसुलट मागतात.

गॉफमन म्हणतो, निभावायचं तर दोन प्रेक्षक एकमेकांपासून वेगळे ठेवता आले पाहिजेत. इथे माझं त्याच्याशी थोडं जमेना. खेड्यात कुठे ठेवणार वेगळे? सोसायटीचा सेक्रेटरी सोयरा असतो, सोयऱ्याचा मेहुणा तलाठी असतो. एकनाथच्या घरात तर मधलं दारच नाही. जिच्यासमोर निभावून न्यायचं ती त्याच्याच खोलीत निजते. आईबाप, भाऊ, बायको सगळे एका अंगणात, प्रत्येकाला तो वेगळा हवा. मोकळं व्हायला जागा उरते ती शेतातच, आणि शेतात तर हरल्याचं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

टिपणाला सुरुवात केली.

१९ एप्रिल

पेपरात पुन्हा शेगाव तालुका. आता नखं. डिसेंबर २०२४ च्या शेवटी बोंडगाव, कालवड, हिंगणा या भागात तीन-चार दिवसांत लोकांचे केस झडून टक्कल पडत होतं. दिल्ली-चेन्नईहून पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः नमुने गोळा करून तपासले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस पुष्कळांचे परत आले म्हणतात, आता त्याच गावांमध्ये नखं विद्रूप होऊन गळतायत.

तेव्हा शेगावच्या भाचीचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, गावातली पोरं टोपी घालून फिरतात आणि बायका डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाहीत. सोयरिकी अडल्याच्याही बातम्या होत्या. कुणी त्या पोरांना ‘न्यूनगंड आहे, आत्मविश्वास वाढवा’ असं सांगायला गेलं असतं तर मारच खाल्ला असता. न्यूनगंड गव्हाच्या पोत्यातून घरी आला होता.

भाषणात हे घ्यावं का? विषयाला सोडून वाटेल. पण एकनाथबद्दल लोक जे बोलतात ना, ‘त्याचा स्वभावच दुबळा’, त्याला उत्तर म्हणून कामाला येईल.

२० एप्रिल

फॉर्मवाला एक मुलगा घरी आला. माझाच विद्यार्थी, आठवी ते दहावी. चांगला वाचणारा होता. एम. ए. झाला, सेट झाला, आता तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतो. फॉर्मवर ‘प्राध्यापक’ लिहिलंय. मी पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह केलं होतं, ते समितीच्या कुणीतरी त्याला दाखवलं.

‘मॅडम, ते प्रश्नचिन्ह कायले केलं?’

मी म्हटलं, ‘तासिका तत्त्वावर असं लिही ना. खोटं काय आहे त्यात?’

‘मग कोनी फोनच नाई करत. अन् मी शिकवतो तं प्राध्यापकच ना? पोरं मले सरच म्हनतात.’

याला काय उत्तर देणार? शिकवतो तेच, जे कायम झालेला शिकवतो. तासावर पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले. आता परीक्षा आल्या, म्हणजे तास नाहीत, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत हात रिकामे. त्यातही दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट, बाकीचे दिवस बापाबरोबर शेतात. मागे मोटारसायकलवरून जाताना दिसला होता, डिकीत चपला आणि पायात कॉलेजचे बूट. म्हणाला, कॉलेजच्या अलीकडे नाल्यापाशी बदलतो. रस्त्यात कुणी विद्यार्थी भेटला तर?

एकनाथच्या वेळी निदान हो की नाही असं काहीतरी होतं. देणगी दिली की लागला, नाही दिली की घरी. नंतर सरकारने मधल्या पायऱ्या बांधल्या. २००० साली शिक्षणसेवक आले, तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं. मग ‘कायम विनाअनुदानित’ शाळा, जिथं पगार कधीतरी सुरू होईल म्हणून माणसं केस पिकेपर्यंत फुकट शिकवत राहिली. आणि हे तासिकावाले. आज प्रत्येकाला ‘नोकरी आहे’ असं म्हणता येतं आणि एकालाही ते जोरात म्हणता येत नाही. देशमुखांच्या कादंबरीनंतरचा एकनाथ हा आहे, असं मला वाटतं. त्याला सांगण्यापुरतं काहीतरी मिळालंय, आणि ते उघडं पडेल ही भीती त्याच्या जोडीला.

चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘प्रश्नचिन्ह खोडा मॅडम.’ खोडलं.

२३ एप्रिल

भाषण झालं. वाचनालयात पंख्याखाली पंचवीसेक माणसं. निम्मी माझ्याच वयाची, बायका पाच-सहा, कोपऱ्यात एमपीएससीची तयारी करणारी चार पोरं. ती बहुधा पंख्यासाठीच थांबली होती.

मी एवढंच मांडलं की एकनाथला जे वाटतं ते त्याच्या मनात उगवलेलं नाही. गावाने शिक्षणाला एक किंमत लावली, संस्थाचालकांनी नोकरीला दुसरी लावली, लग्नाच्या बाजाराने मुलाला तिसरी. तिन्ही किमतींमधला जो फरक आहे, तो भरून काढायचा म्हणून एकनाथ दिवसभर काहीतरी भासवत असतो. गव्हाचं उदाहरण घेतलं. लोक शांत झाले, मग एक गृहस्थ हसले. हसण्याचं कारण कळलं नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि गाडी अलकावर घसरली. घसरणारच. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, ‘सगळं खरं, पण बायको समजूतदार असती तर पोरगा सावरला असता.’ माना डोलल्या. बायकांच्यासुद्धा.

याचा मला फार वर्षांपासून राग आहे. म्हटलं, साहेब, अलकाला लग्नाआधी जे दाखवलं ते कुणी दाखवलं? तिच्यापुढे पदव्या ठेवल्या, होऊ घातलेली नोकरी ठेवली. शेण, सारवण, हंगामातल्या मजुरीचा हिशेब यांतलं कुणी काही ठेवलं होतं का? ती माहेरी जाते तेव्हा आपण म्हणतो, सोडून गेली. तिला जे दाखवलं होतं ते तिथं कधी नव्हतंच. आणि तिलाही माहेरच्या गल्लीत सांगावं लागतच असेल की ‘हे’ काय करतात. तिचा रकाना कुणी वाचलाय?

जरा जोरात बोलले असेन. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. नंतर एमपीएससीवाल्यांपैकी एक जवळ आला आणि विचारलं, ‘मॅडम, कादंबरीच्या शेवटी त्याला नोकरी लागते का?’ मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, नाही लागत ना? मग नाही वाचत.

त्याचं बरोबरच आहे म्हणा.

२७ एप्रिल

एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक चाळलं. १९८५ चं. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात बाप वारला तरी तेरवीला गावजेवण घालायचं कुठून, ही काळजी, कारण घराण्याचं नाव. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. आता बघते तर आमच्याकडचे दारातले ट्रॅक्टर चालतात, पण हप्त्यांवर. देशपांडे गेलेल्या ऐपतीचा दिखावा करतात, एकनाथची पिढी न आलेल्या ऐपतीचा. दुसरा जास्त दमवणारा असावा. गेलेलं निदान एकदा होतं तरी.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. सकाळपासून तीन मांडवांचे डीजे एकाच वेळी. घाटाखाली भेंडवळला आज घटमांडणी, उद्या पहाटे पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतील आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर येईल. विश्वास नाही म्हणणारेही ते वाचतात. मीही वाचते.

एका लग्नाला गेले होते. नवरदेव शेतकरी, फेटा, शेरवानी, घोडा, ड्रोन. शेजारच्या बाईने कानात सांगितलं की मुलगी लांबून, दुसऱ्या जिल्ह्यातून आणली, मध्यस्थाला पैसे मोजून. खरंखोटं देव जाणे. नवरदेव सगळा वेळ रुमालाने घाम टिपत होता. आमरस पुरीबरोबर छान होता.

५ मे

मेळावा काल झाला. मंगल कार्यालयात कूलर पाच, त्यातले दोन नुसते वाजत होते. माइकवर प्रत्येकाला एक मिनिट. मुली भराभर बोलून उतरत होत्या. मुलं पाठ केलेलं बोलत होती, छापील मराठीत, ‘माझी शैक्षणिक पात्रता’ वगैरे. एरवी ‘मले’, ‘तुले’ बोलणारी ही पोरं माइक हातात आला की आकाशवाणीच्या बातम्या देतात. एकाला ‘अपेक्षा’ सांगताना शब्दच सुचेना, ‘चांगली पाहिजे’ म्हणून तो उतरला. त्याला टाळ्या पडल्या.

तासिकावाल्याचं नाव पुकारलं. तो आलाच नव्हता. पुन्हा पुकारलं तेव्हा मागच्या खुर्च्यांमधून त्याचा बाप उठला. धोतर, टोपी, हातात मुलाचा फोटो. मुलगा पेपर तपासायला गेला म्हणाला. ते खरं की बहाणा, मला माहीत नाही. सूत्रसंचालक ‘काका, पालकांनी नंतर’ म्हणेपर्यंत त्याने माइक धरला होता.

‘पोरगा माझा कॉलिजात शिकवते,’ तो म्हणाला. ‘पक्का नाई. तासावर हाय. पैसे कधी येते, कधी नाई येत. वावर तीन एकर, माह्याच नावावर, कोरडवाहू. हीर हाय, पन पानी जानेवारीलोक. पोरगा वावरात बी येते, लाजत नाई. बूट तेवढे लपोते.’

बुटांवर सगळं कार्यालय हसलं. त्याला वाटलं आपलं चांगलं चाललंय, म्हणून तो आणखी बोलला. म्हशीबद्दल, थोरल्या मुलीच्या लग्नातल्या कर्जाबद्दल, फिटत आलंय म्हणाला. एक मिनिटाची चार मिनिटं झाली. शेवटी माइक काढून घ्यावा लागला. समितीतले एक जण माझ्याकडे बघून पुटपुटले, ‘घालवलं पोराचं.’

जेवणाच्या रांगेत मी मुद्दाम त्याच्या मागे उभी राहिले. सिंदखेडराजाकडचं एक कुटुंब येऊन त्याचा नंबर घेऊन गेलं. मुलीचा बाप म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं ते बरं केलं, नाहीतर आम्हाला गावात येऊन विचारपूस करावी लागली असती.’ होकार वगैरे काही नाही. मुलगी बी. ए. बी. एड. आहे, ती वडिलांच्या मागे उभी होती. तिने एकच विचारलं, म्हशीचं कोण करतं?

‘त्याची माय करते,’ म्हातारा म्हणाला. मग थोडं थांबून, ‘आता गुडघे दुखते तिचे.’

मुलीने काही म्हटलं नाही. ताटात वांग्याची भाजी वाढून घेतली आणि पुढे सरकली.

आज दुपारी मुलाचा फोन आला. प्रचंड चिडला होता. ‘मॅडम, तुम्ही तिथं होत्या, तुम्ही थांबवाले पाह्यजे होतं बाबाले. सगळ्या तालुक्यात मी आता तासावाला झालो.’ मी म्हटलं, सिंदखेडराजाच्यांनी नंबर घेतलाय. तो म्हणाला, माहीत आहे, सकाळी फोन आला होता, बाबांनी उचलला. काय म्हणाले? कॉलेजचं नाव विचारलं आणि सेटचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाले. पाठवलंस का? तर म्हणाला, नाही अजून, स्कॅन नीट येत नाहीये, झेरॉक्सवाल्याकडे चाललोय.